तुळसाबाईची खोली

बालाघाटजवळच्या लालबर्र्यात खेमराजला लोक वायफायचा डॉक्टर म्हणायचे. समोर कोणी म्हटलं की तो हात झटकायचा आणि पाठ फिरली की मिशीत हसायचा. शिक्षण म्हणाल तर आयटीआयचं, तेही वायरमनचं. बाकीचं सगळं त्याचं तो शिकला, आणि फुकटात शिकला. त्याच्या जुन्या लॅपटॉपवर विकतचं असं एकही सॉफ्टवेअर नव्हतं. जगात कुठंतरी बसलेली माणसं डोकं खपवून प्रोग्राम लिहितात आणि ‘घ्या बापा, वापरा’ म्हणून सगळ्यांना मोकळे करून देतात, याचं त्याला भारी अप्रूप. एका प्रोग्रामात आसपासच्या वायफायची नावं दिसायची, कोण कोणत्या चॅनेलवर बसलंय, कोणाचा जोर किती, सगळं. दुसरा त्याहून खोलात जायचा. हवेत कोणता फोन काय बोलतोय, ते तो नुसता ऐकत राहायचा. खेमराजही तासन्‌तास त्याच्यासमोर बसून राहायचा. मंजू, म्हणजे त्याची बायको, शेजारणींना सांगायची, ‘‘लोकं सिनेमा पाह्यते, आमचे हे हवा पाह्यते.’’

कामाची त्याची रीत ठरलेली होती. बिघाड शोधायचा म्हणजे एकेक वजा करत जायचं, आणि पहिला संशय आपल्याच सामानावर घ्यायचा. ‘‘आधी आपलं तपासा, मंग दुसऱ्यावर बोट दाखवा,’’ असं तो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचा. वायफायच्या बाबतीत एवढं शहाणपण असलेल्या माणसाला घराच्या बाबतीत ते सुचलं नाही, आता याला काय म्हणावं!

कारण घरातच मोठा बिघाड होता. त्याची एकुलती एक मुलगी मयुरी दोन वर्षांपूर्वी रजत नावाच्या मुलाशी लग्न करून मोकळी झाली. मुलगा उकव्याच्या खाणीत ठेक्यावर कामाला, बोलायला गोड, सुपारीचंही व्यसन नाही. पण जातीतला नाही. लग्नानंतर आठ दिवसांनी मयुरी पेढ्यांचा पुडा घेऊन एकटीच दारात उभी राहिली. खेमराजनं तिला उंबरा ओलांडू दिला नाही. ‘‘या घराचं नाव तुह्या तोंडात नाही पायजे आता,’’ एवढंच तो बोलला आणि दार लोटून घेतलं. पुडा ओट्यावरच राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. मग त्यानं मंजूच्या समोर उभं राहून तिच्या फोनातून मुलीचा नंबर पुसून घेतला.

राग काही जन्मभर टिकत नाही. वर्षभरात तो उतरला आणि त्याच्या जागी मुलीची काळजी लागली. एक दिवस खेमराजनं चोरून तो नंबर लावला. नंबर त्याला पाठच होता. पलीकडून यंत्रातली बाई हिंदीत म्हणाली की हा नंबर अस्तित्वात नाही. मग तो कोणाला न सांगता बसनं उकव्याला गेला. खाणीजवळच्या चहावाल्यानं सांगितलं, ठेका संपला, रजत बायकोला घेऊन कधीचाच गेला, कुठं गेला ते देवाला ठाऊक. खेमराजनं तिथं चहा घेतला आणि परतीची बस धरली. मंजूला यातलं त्यानं आजवर काही सांगितलं नव्हतं. मुलगी कुठं आहे, कशी आहे, एवढं कळावं असं त्याला रोज वाटायचं, आणि कळायला काही मार्गच उरला नव्हता.

तर त्या मंगळवारी त्याला बालाघाटहून बोलावणं आलं. बायकांचा एक खासगी दवाखाना होता. तिथं रोज सकाळी अकरा वाजले की वायफाय मान टाकायचं. नोंदणीचा कॉम्प्युटर अडकायचा, सोनोग्राफीचा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंच्या टेबलापर्यंत पोचायचा नाही, आणि पोटुशा बाया दोन-दोन तास बाकांवर अवघडून बसायच्या. पुष्पलता सिस्टर तिथली सर्वेसर्वा. अंगानं ठेंगणी, पन्नाशी उलटलेली, आवाज मात्र दुसऱ्या मजल्यापर्यंत जाणारा.

‘‘भाऊ, तुमच्या आधी तीन जन पाहून गेले,’’ ती म्हणाली. ‘‘जो येते तो एक डब्बा लावून जाते. तीन डब्बे झाले. समझ में नहीं आता, डब्बे वाढले तसं वायफाय कमी कसं होऊन राह्यलं.’’

‘‘पाहतो न सिस्टर.’’

खेमराजनं नोंदणीच्या खिडकीबाजूला स्टुलावर लॅपटॉप मांडला, आणि पाच मिनिटांत त्याला कळलं. तिन्ही डबे, म्हणजे राउटर, एकाच चॅनेलवर लावलेले होते. पंगतीत तीन वाढपी एकदम येऊन एकाच पानावर वाकले, तर जेवणाऱ्याच्या पानात काय पडणार? सकाळी फोन कमी असतात तोवर भागायचं. अकराला गर्दी झाली की सगळा खोळंबा. तिघांना तीन वेगळ्या चॅनेलवर बसवलं की काम संपलं. पहिल्या डब्याचं त्यानं लगेच केलंही. दुसऱ्याला हात घालण्याआधी हवेत काही फरक पडला का ते पाहावं, म्हणून त्यानं तो ऐकणारा प्रोग्राम लावला.

त्याच्या पडद्याचे दोन भाग असतात. वर वायफायची नावं. खाली फोन, म्हणजे कुठं जोडलेले नसलेलेही, नुसते खिशात नाहीतर पर्समध्ये पडलेले. त्यातले काही फोन मधूनमधून एखाद्या ओळखीच्या वायफायला नावानं हाक मारतात, आहेस का म्हणून. ते नाव त्या फोनाच्या ओळीत शेवटच्या रकान्यात उमटतं. खेमराजची नजर सवयीनं वरून खाली फिरत आली आणि शेवटून चौथ्या ओळीवर थांबली.

शेवटच्या रकान्यात इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, ‘तुळसाबाईची खोली’.

तुळसाबाई म्हणजे खेमराजची आई. ती गेल्यावर तिच्या खोलीत त्यानं राउटर बसवला, कारण खोली रिकामी होती आणि घराच्या मधोमध होती. नाव मयुरीनं ठेवलं. तेव्हा ती बारावीत होती. ‘‘आजी सगळ्यायले वाटत फिरे, आता तिची खोली वाटन,’’ असं म्हणून ती हसली होती. पण हे वाटणंच पुढं डोईजड झालं. त्यांच्या गल्लीत विरजणापासून शिडीपर्यंत सगळं एकमेकांकडून मागून नेतात, आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायची सोय नसते. नाही म्हटलं की तो माणूस वर्षभर बोलत नाही आणि त्याची बायको दोन वर्षं. टाळेबंदीच्या दिवसांत अर्धी गल्ली खेमराजच्या ओट्यावर फोन घेऊन बसायला लागली, आणि पासवर्ड देत नाही असं काही त्याच्यानं कोणाला म्हणवेना. मग त्यानं युक्ती काढली. वायफायचं नावच लपवून टाकलं. ते कोणाच्या फोनात दिसेना. ‘‘आमच्याकडचं तं बंदच केलं न,’’ असं तो सगळ्यांना सांगत सुटला, आणि गल्लीनं ते खरं मानलं.

आता त्यातली खोच पाहा. नाव लपवण्याचा एक तोटा असतो, आणि तो खेमराज गिऱ्हाइकांना घसा फोडून सांगायचा. नाव उघडं असलं तर वायफाय स्वतःच सांगत असतं, मी इथं आहे; फोन बापडा चूप बसून ऐकतो. नाव लपवलं की बोलायचं काम फोनावर येतं. मग तो फोन जाईल तिथं, बाजारात, बसमध्ये, परमुलखात, त्या नावाला हाका मारत फिरतो. म्हणून लपवू नका, असं जगाला सांगणारा खेमराज घरी स्वतः लपवून बसला होता. लपवल्यानंतर ते नाव हातानं लिहून घेतलेले फोन जगात तीनच होते. एक त्याचा, एक मंजूचा आणि एक मयुरीचा.

खेमराजनं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. पण सवय कुठं जाते? पहिला संशय आपल्यावर. त्यानं खिशातला फोन काढून त्याचं वायफाय बंद केलं. ओळ तशीच राहिली आणि थोड्या वेळानं तिकडून पुन्हा हाक आली. मग त्यानं मंजूला फोन लावला.

‘‘कुठं हायेस तू?’’

‘‘कुठं म्हंजे? घरी. छतावर पापड टाकून राह्यली.’’ तिच्या मागून राईस मिलचा घरघराट येत होता. त्यांच्या छतावर तो दिवसभर ऐकू येतो. ‘‘काहून? जेवाले येता काय?’’

‘‘नाही. तुहा फोन तुह्याजवळच हाये न?’’

‘‘मंग तुमच्याशी कायनं बोलून राह्यली, अजी?’’

‘‘बरं, ठेव,’’ तो म्हणाला. बायकोचा फोन पंचवीस किलोमीटरवर लालबर्र्यात होता.

तिनातून दोन वजा झाले. ज्या घराचं नाव घेऊ नको म्हणून त्यानं दार लोटलं होतं, त्या घराचं नाव तो तिसरा फोन याच इमारतीत बसून दर अर्ध्या मिनिटाला घेत होता. खेमराजला रडू फुटणार होतं, पण खिडकीसमोर रांग होती म्हणून त्यानं ते गिळलं.

प्रत्येक ओळीत जोराचा आकडा असतो आणि तो उण्यात असतो. शून्याच्या जेवढा जवळ, तेवढा फोन जवळ. त्या ओळीत उणे अठ्ठ्याहत्तर होतं. खेमराजनं उघडा लॅपटॉप हातावर घेतला आणि तो चालू लागला. पाण्याच्या टाकीपाशी सत्तर झाले. जिन्याच्या चार पायऱ्या चढला तर एकदम ऐंशीवर गेले, म्हणून खाली उतरला. औषधाच्या कपाटाजवळ चौसष्ट. बोळाच्या टोकाला एक दार होतं आणि दाराशी उणे अठ्ठावन्न. दारावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘पुरुषों का प्रवेश वर्जित है’. त्याच्यावर हातभर काच होती. खेमराजनं त्या काचेतून आत पाहिलं.

आत मोठं दालन होतं आणि बाकांवर चाळीसेक बाया. ऊन तापायला लागलं होतं. बालाघाटच्या पोरी उन्हात निघाल्या की ओढणी अशी गुंडाळतात की नुसते डोळे उरतात, आणि दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून आत आल्यावरही ती सोडत नाहीत. लाल, निळ्या, फुलाफुलांच्या, पोपटी ओढण्या, आणि प्रत्येकीत दोन डोळे. खेमराज एकीकडून दुसरीकडं पाहत गेला. आपल्या मुलीला आपण डोळ्यांवरून ओळखू असं कोणत्याही बापाला वाटतं. त्यालाही वाटत होतं. त्याला ती सापडली नाही.

‘‘खेमराज भाऊ, तिकडे नाही,’’ मागून पुष्पलता सिस्टरचा आवाज आला. ‘‘बोर्ड दिसत नाही काय? डब्बे सगळे इकडच्या बाजूले हायेत.’’

‘‘सिस्टर, एक विचारायचं होतं. मयुरी नावाची कोनी पेशंट हाये काय आज?’’

सिस्टरनं त्याच्याकडं नीट पाहिलं. ‘‘काहून?’’

‘‘असंच. आत असन तं निरोप द्यायचा होता.’’

‘‘कोन लागते तुमची?’’

एक शब्द होता, तीन अक्षरांचा. तो तोंडापर्यंत आला. पण तो उच्चारला की सिस्टर पुढचं विचारणार, मुलगी हाये तं तिले फोन काहून नाही करत? आणि त्याचं उत्तर खेमराजजवळ नव्हतं. म्हणजे होतं, पण ते एका परक्या बाईला दवाखान्याच्या बोळात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं.

‘‘ओळखीतली,’’ तो म्हणाला.

‘‘मंग नाही सांगता येत, भाऊ. मॅडमचा नियम हाये. मागच्या महिन्यात एक बाप असाच नाव विचारत आलता. पोरीले एक डाव पाह्यतो म्हने. रडून राह्यलता. माह्या मनात आलं, सांगून टाकू. खिडकीतून पाह्यलं तं बाहेर गाडीत चार जन काठ्या घेऊन बसलते.’’ तिनं दाराचा कडी-कोयंडा हातानं चाचपला. ‘‘तुमी ते वायफाय करा लवकर. बाया केव्हाच्या बसून हायेत.’’ ती खिडकीकडं निघून गेली.

तो बाप आणि आपण यांत काय फरक, हे सिस्टरला कसं कळावं? खेमराजलाही त्या क्षणी तो धड सांगता आला नसता. काठ्या त्यानं आणल्या नव्हत्या एवढंच. त्याला स्वतःची लाज वाटली. दाराच्या पलीकडं मुलगी, मध्ये दोन इंचांची फळी, आणि हा वायफायचा डॉक्टर!

मग त्याच्या डोक्यात आलं. फोन हाक मारतोय ना? मग त्याला ओ देता येईल. आपल्या फोनाचा हॉटस्पॉट लावायचा, त्याला तेच नाव द्यायचं आणि तोच पासवर्ड. मयुरीचा फोन आपणहून येऊन जोडला जाईल. तिच्या पडद्यावर खूण उमटेल. बालाघाटात, दवाखान्यात, ‘तुळसाबाईची खोली’ जोडली गेली, म्हणजे बाप इथंच कुठंतरी आहे, हे तिला कळायला वेळ लागणार नाही. वायफायवाल्याची मुलगी होती ती.

त्यानं नाव लिहिलं. एक अक्षर कमीजास्त झालं तर फोन ओळखणार नाही, म्हणून दोनदा तपासलं. खरं तर त्याला त्या नावाऐवजी दुसरंच काही लिहायचं होतं. मयू, बाबा आहे. चुकलो. एवढं लिहायला जागाही होती. पण तसं लिहिलं तर तिचा फोन त्याकडं ढुंकून पाहणार नाही; परकं वायफाय म्हणून सोडून देईल. जे नाव ठरलेलं तेच, त्यात बापाला आपला एक शब्द घालायची सोय नव्हती.

पासवर्डाशी तो अडला. मयुरीला दारातून परत पाठवलं त्याच संध्याकाळी त्यानं घरचा पासवर्ड बदलला होता. रागाच्या भरात माणूस काय काय करतो! तिच्या फोनात जुनाच असणार. जुना होता तिचा बारावीचा रोल नंबर. निकालाच्या दिवशी साइट सारखी बंद पडत होती आणि खेमराजनं तो नंबर पंचवीस-तीस वेळा टाकला होता, मयुरी मागं उभी राहून त्याचा खांदा दाबत होती. शेवटी निकाल उघडला तेव्हा ती पहिल्या श्रेणीत होती, आणि त्या आनंदात त्यानं तोच नंबर वायफायला लावून टाकला. बोटांना तो अजून पाठ होता. त्यानं तो टाकला आणि हॉटस्पॉट चालू केला.

डाव्या हातावर लॅपटॉप, उजव्या हातात फोन, असा तो काचेशी उभा राहिला. हॉटस्पॉटच्या पानावर जोडलेले फोन शून्य होते. मनातल्या मनात तो देवाचं नाव घेत होता, आणि देवाधर्माचं त्याला एरवी फारसं नव्हतं. दोन मिनिटं गेली. मग शून्याचं एक झालं आणि खाली फोनाचं नाव आलं. मयुरी.

आत पंख्याखालच्या बाकावर पोपटी ओढणीवाल्या एकीनं मांडीवरचा फोन उचलून पाहिला. पाहिला आणि तशीच राहिली. मग तिनं मान वर केली. आधी समोर पाहिलं, मग खिडकीकडं, मग हळूच दाराकडं. आणि आता खेमराजनं तिला ओळखलं. डोळ्यांवरून नाही, मान तिरपी करायच्या सवयीवरून. लहानपणी पाढे म्हणताना अडली की ती अशीच मान तिरपी करायची.

ती सरळ काचेकडं पाहत होती. त्याला हात वर करायचा होता, पण एका हातात लॅपटॉप आणि दुसऱ्यात फोन, मोकळा असा हातच नव्हता. नुसती मान हलवावी तर मानही हलेना. त्यानं आयुष्यात कधी इतका वेळ तिच्याकडं पाहिलं नसेल. ती रागात आहे, की रडतेय, की घाबरलीय, हे ओढणीवरून कळायला काही मार्ग नव्हता.

मग तिनं मान खाली घातली. अंगठा पडद्यावर एकदा टेकला, थांबला, आणि पुन्हा एकदा टेकला. ते दोन टेकणं कोणतं, हे खेमराजइतकं कोणाला कळणार? गिऱ्हाइकांना तो स्वतःच शिकवायचा, जुनं वायफाय त्रास देत असेल तर त्यावर बोट ठेवा आणि ‘विसरा’ करा, फोन ते नाव कायमचं टाकून देतो.

त्याच्या फोनावर एकाचं शून्य झालं.

तरी तो लॅपटॉपकडं पाहत राहिला. म्हटलं, घाबरून तिनं नुसतं वायफाय बंद केलं असेल. प्रोग्राम बंद करून पुन्हा नव्यानं लावला. मयुरीचा फोन जुनाच होता, नव्या फोनांसारखा घडीघडी आपली ओळख बदलणारा नव्हता. तो लगेच ओळीत आला. उणे अठ्ठावन्न. वायफाय चालू होतं. फक्त शेवटचा रकाना रिकामा होता. खेमराजनं पाच मिनिटं वाट पाहिली, मग आणखी पाच. दोन वर्षं तो फोन ते नाव घेत कुठं कुठं फिरला असेल, आणि आज बापानं ओ दिली तर गप्प झाला. ओ दिली नसती तर घेत राहिला असता, हे त्याच्या मनात आलं.

‘‘भाऊ,’’ पुष्पलता सिस्टर पुन्हा आली. ‘‘सोनोग्राफीचे अकरा रिपोर्ट अडकून हायेत. ते आल्याबगैर मॅडम पुढचा नंबर घेत नाही. तुम्हाले होत नसन तं सांगून द्या.’’

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की मयुरी अजून बाकावर बसली आहे, ती वायफाय अडकलंय म्हणून. ते असंच अडकून राहिलं तर ती तासभर बसेल, दोन तास बसेल. तेवढ्यात काही सुचेल. मंजूला बोलावता येईल. बायकांना त्या दारातून जायला कोणाची मनाई नव्हती. लालबर्र्याहून बसनं यायला मंजूला दीड तास. नुसतं सांगायचं होतं की सिस्टर, बिघाड मोठा आहे, वेळ लागेल.

त्यानं एकदा काचेतून पाहिलं. पोपटी ओढणीवाली बाकावर पुढं सरकून, कमरेला मागून हात लावून बसली होती, पाठ दुखत असल्यासारखी. तिच्या बाजूची बाई बाकावर आडवीच झाली होती.

‘‘होते न,’’ खेमराज म्हणाला. आणि तो स्टुलावर जाऊन बसला. दुसरा डबा दुसऱ्या चॅनेलवर, तिसरा तिसऱ्या. बारा मिनिटांचं काम. संपताक्षणी खिडकीतल्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट सरकायला लागले आणि आत बायांचे नंबर पुकारायला लागले.

तो परत काचेशी आला तेव्हा तेवीस नंबर पुकारला होता. पोपटी ओढणी उठली. उठताना तिनं बाकाचा आधार घेतला, आणि मग त्याला दिसलं. सातवा महिना तरी असेल, नाहीतर आठवा. सातव्यात मुलीला माहेरी आणतात, ओटी भरतात, पहिलं बाळंतपण आई करते. हे सगळं कोणी सांगायला लागत नाही, घरोघरी होतं. मयुरी एकटी, एका हातात फाइल आणि एका हातात पर्स घेऊन, डॉक्टरीणबाईंच्या दारातून आत गेली. जाताना तिनं मागं वळून पाहिलं नाही.

खेमराजनं सामान भरलं आणि तो पुढच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. पहिलं वाक्य काय बोलायचं, ते तो जुळवत होता. उन्हात दीड तास उभा होता. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक ओढणीकडं पाहत होता. शेवटी पुष्पलता सिस्टर डबा खायला बाहेर आली.

‘‘अजून इथंच, भाऊ? अरे, क्या बढ़िया चल रहा है. दीड वाजेपर्यंत चालनारी ओपीडी साडेबाराले खाली झाली.’’

‘‘खाली झाली? कोनी बाहेर तं आलं नाही.’’

‘‘बाया मागून जाते न. तिकडेच औषधाचं दुकान हाये, तिथून रस्त्यावर.’’ ती थांबली आणि त्याच्या तोंडाकडं पाहिलं. ‘‘पानी देऊ काय?’’

त्याला पाणी नको होतं.

चारच्या सुमाराला तो घरी पोचला. मंजू छतावर पापड गोळा करत होती. तिनं वरूनच विचारलं, ‘‘फोन काहून केलता मघाशी?’’ सांगावं तर काय सांगावं? मुलगी दिसली, तिला दिवस गेलेत, आणि मला पाहून तिनं आपलं घर फोनातून पुसून टाकलं? यातलं पहिलं सांगितलं तर शेवटचंही सांगावं लागलं असतं. तो थेट तुळसाबाईच्या खोलीत गेला, राउटरसमोर बसला आणि लपवलेलं नाव त्यानं उघडं केलं. पासवर्ड बदलून पुन्हा जुना लावला. आता त्याचा काही उपयोग नाही हे त्याला माहीत होतं, पण हातांना दुसरं काही काम नव्हतं.

दहा मिनिटांनी तो अंगणात आला, तोच भिंतीपलीकडून शेजारच्या दुलीचंदचं डोकं वर आलं.

‘‘खेमराज भाऊ, तुमचं वायफाय दिसून राह्यलं माह्या फोनात. चालू केलं काय?’’

‘‘हौ.’’

‘‘पासवर्ड सांगता काय?’’

खेमराजनं अंगणात उभं राहून, एकेक आकडा सुटा करून, मोठ्यानं पासवर्ड सांगितला. दुलीचंद लिहून घेत राहिला आणि खूश होऊन खाली गेला. खेमराज वळला तर मंजू जिन्याच्या अर्ध्यावर उभी होती, पापडांचं सूप कमरेवर धरून.

‘‘हा तं मयूचा बारावीचा नंबर हाये,’’ ती म्हणाली. दोन वर्षांत त्याच्यासमोर तिनं ते नाव घेतलं नव्हतं.

‘‘हौ.’’

मंजू एक पायरी खाली उतरली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं होतं ते खेमराजला पाहवेना, म्हणून तो सुपातल्या पापडांकडं पाहत राहिला.

‘‘म्हंजे ती कधी आली,’’ मंजू म्हणाली, ‘‘अशी आपली ओट्यावर येऊन उभी राह्यली, तं तिचा फोन आपसूकच लागन न? तिले कोनाले काही विचारावं लागनार नाही.’’

विसरलेलं वायफाय फोन आपणहून परत धरत नाही. माणसानं मनावर घेऊन पुन्हा हातानं पासवर्ड टाकला, तरच. हे खेमराजनं आजवर शंभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

‘‘हौ,’’ तो म्हणाला. ‘‘लागन.’’